एटीजी पाणी दाखवतंय पण डिपला पाणी नाही? प्रोब बदलायच्या आधी हे बघा

जून लागला की माझा फोन वाजायला लागतो आणि तक्रार दर वर्षी तीच असते. "साहेब, डिझेलच्या टाकीला पाणी दाखवतंय, ६२ मिलिमीटर, अलार्म थांबत नाही, सेल बंद पडलाय, आणि डिप मारली तर पेस्टचा रंगच बदलत नाही, प्रोब गेलाय बहुतेक, नवीनच घेऊन या." मी पेट्रोल पंपांवर एटीजी, म्हणजे टाकीतलं तेल-पाणी आपोआप मोजणारं यंत्र, बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो (प्रोब हा त्याचा टाकीत उतरलेला भाग, कन्सोल म्हणजे आकडे दाखवणारा डबा, आणि डिप म्हणजे हाताने टाकीत सोडायची मोजपट्टी, तिला लावलेली पेस्ट पाणी लागलं की रंग बदलते), सोलापूर, धाराशिव, लातूर हा सगळा पट्टा, आणि अनुभवाने सांगतो की अशा वेळी बहुतेकदा प्रोब ठणठणीत असतो. तरी बदलला जातो. डीलरचे पैसे जातात, जुना प्रोब अडगळीत पडतो, आणि पुढच्या पावसाळ्यात नवीन प्रोबवर तोच अलार्म.

सोलापूर रोडवरच्या एका पंपावर हे दोनदा झालं होतं. मी तिसऱ्या पावसाळ्यात गेलो तेव्हा मॅनेजर काकांनी स्टोअरमधून आधीचे दोन्ही प्रोब काढून दाखवले, म्हणाले बघा किती पैसे घातले आम्ही. मी दोन्ही टेबलावर आडवे ठेवले, कन्सोलला जोडले आणि फ्लोट हाताने सरकवत बघितलं, दोन्ही शेवटच्या मिलिमीटरपर्यंत बरोबर रीडिंग देत होते. काका गप्पच झाले. त्या दिवशी ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं, कारण प्रोब आत नेमकं काय करतो हे समजलं ना, तर निम्मी शोधाशोध तुम्ही स्वतःच कराल, माझी वाट बघत दोन दिवस सेल बंद ठेवायची वेळ येणार नाही.

तर आधी आतलं यंत्र. प्रोब म्हणजे स्टेनलेस स्टीलची लांब नळी, तिच्या आत वरपासून खालपर्यंत ताणलेली एक बारीक तार, निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची. नळीवर दोन फ्लोट मोकळे सरकतात, वरचा तेलावर तरंगणारा, खालचा तेलात बुडून फक्त पाण्यावर तरंगणारा, आणि दोघांच्याही पोटात चुंबक असतं. डोक्यातलं सर्किट तारेतून विजेचा एक छोटा पल्स सोडतं. या पल्समुळे तारेभोवती गोल चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि फ्लोटच्या चुंबकाचं क्षेत्र असतं तारेच्या लांबीच्या दिशेने, दोन्ही जिथे भेटतात तिथे क्षेत्र स्क्रूच्या आट्यासारखं तिरकं होतं आणि तार त्या ठिकाणी क्षणभर पीळ घेते. हा पीळ लाटेसारखा तारेतून वर येतो, वेग सेकंदाला साधारण २८०० मीटर, आणि वर बसवलेली कॉइल तो पकडते. पल्स सोडल्यापासून पीळ पोचेपर्यंत किती वेळ गेला एवढंच सर्किट मोजतं. पावसाळ्यात वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजतो आणि वीज किती लांब पडली ते सांगतो ना, अगदी तेच. दोन मीटर खालचा फ्लोट असेल तर पीळ वर यायला ७०० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात, एका मिलिमीटरला सुमारे ०.३६ मायक्रोसेकंद.

लोखंड चुंबकित झालं की त्याची लांबी किंचित बदलते हे जूल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये दाखवलं, याला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात, डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो मुख्यतः याच्यामुळेच. तार पीळ घेते तो प्रकार व्हिडेमान या शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये दाखवला आणि आपला प्रोब चालतो तो त्याच्यावर.

आता यातून कामाची गोष्ट काय निघते? प्रोबला ना पाणी कळतं, ना डिझेल. त्याला फक्त चुंबक कुठे आहे ते कळतं. कन्सोल म्हणतोय ६२ मिलिमीटर पाणी, याचा खरा अर्थ एवढाच की खालचं चुंबक तळापासून ६२ मिलिमीटरवर आहे. ते तिथे पाण्याने उचललंय का दुसऱ्या कशाने, हे आपण बघायचं. तारेवर शंका घ्यायची ती सगळ्यात शेवटी.

म्हणून पहिलं काम, जागचं न हलता, कन्सोलवर गेल्या आठ-दहा दिवसांचं पाण्याचं रीडिंग काढा. खरं पाणी कधी एका आकड्यावर बसत नाही. टँकर खाली झाला की हलतं, सेल चालू असताना थोडं इकडंतिकडं होतं, पाऊस पडत राहिला आणि मॅनहोलमधून गळत असेल तर वाढत जातं. पण रीडिंग जर ६२.३, ६२.३, ६२.३ असं दशांशासकट चिकटून बसलं असेल, मधे टँकर आला तरी हललं नसेल, तर फ्लोट अडकलाय. आणि ते कधीपासून चिकटलं तेही बघा, बहुतेक वेळा टँकर खाली झाल्याच्या तासाभरातलंच असतं. कारण तेल जोरात पडतं तेव्हा तळ ढवळून निघतो, खालचा फ्लोट वर उडतो, आणि खाली येताना मधेच अडकतो.

कशाने अडकतो ते सोलापूर रोडवर बघायला मिळालं. प्रोब वर काढला, वरचा फ्लोट स्वच्छ, आणि खालच्या फ्लोटभोवती काळी लव. अस्वलाच्या अंगावर असते तशी, बोट लावलं की उभी राहायची, बोट काढलं की परत बसायची. ती लोखंडाची पूड होती. टाकीच्या पत्र्याची काळी खपली, वेल्डिंगचे कण, काळा गंज, हे सगळं वर्षानुवर्षं तळाशी साचत असतं, आणि आपण त्याच तळाशी एक चुंबक नेऊन ठेवतो. ते चोवीस तास ओढत राहतं. बाहेरून पूड दिसते तिचं फार काही नाही, पण फ्लोटच्या भोकात, नळी आणि फ्लोटच्या मधल्या फटीत जी जाते ती पाचरीसारखी बसते. डिझेलच्या टाकीत त्यात भर म्हणून चिकट काळपट साय असते, पाणी आणि डिझेल जिथे टेकतात तिथे जंतू वाढतात त्यांची, त्या सायीत पूड कालवली की फ्लोट नळीला डिंकाने चिकटवल्यासारखा होतो. दोन्ही नवीन प्रोब बसवताना आधीच्या माणसाने फ्लोट मात्र जुनेच ठेवले होते, नुसते फडक्याने पुसून. दुखणं फ्लोटच्या भोकात होतं आणि ते जसंच्या तसं नवीन नळीवर चढवलं गेलं.

साफ करताना या गोष्टी पाळा, कळकळीने सांगतोय. प्रोब काढायचं काम ट्रेनिंग झालेल्या माणसाकडूनच करून घ्या, टाकीचा सेल बंद ठेवून, मोबाइल खिशातून बाहेर काढून ऑफिसात ठेवून, आसपास कोणतीही गाडी चालू नको. नळी वर ओढताना दोन माणसं हवीत, एक वर ओढणारा आणि एक मधे आधार देणारा, कारण अडीच मीटरची नळी एका टोकाने धरून तिरकी केली की वाकते, नळी वाकली की आतली तार भिंतीला टेकते, आणि मग मात्र प्रोब खरंच जातो. मी चांगले प्रोब असे काढतानाच मेलेले बघितलेत. फ्लोट मॅनहोलपासून लांब नेऊन साफ करा. लोखंडी ब्रश अजिबात नको, ठिणगीचा धोका आहेच, शिवाय त्याचेच तुकडे चुंबकाला चिकटतात. मी चिकटपट्टी उलटी बोटाला गुंडाळतो आणि टिपत जातो, पूड पट्टीवर येते, आतल्या भोकासाठी सुती कापडाची सुरळी. पूर्ण झालं हे ओळखायचं कसं, तर फ्लोट नळीवर चढवून नळी जराशी तिरकी करायची, फ्लोट स्वतःच्या वजनाने सरसर घसरला पाहिजे, कुठेही न अडखळता. अडखळला तर परत.

फ्लोट चढवताना अजून दोन चुका होतात. एक म्हणजे उलटा चढवणं. चुंबक फ्लोटच्या बरोबर मधोमध असतंच असं नाही, वरची बाजू कोणती याची खूण असते, उलटा बसला की रीडिंगमध्ये कायमचा फरक पडतो आणि माणूस तो फरक ऑफसेट टाकून, म्हणजे कन्सोलमध्ये कायमची अधिक-उणे दुरुस्ती भरून, झाकतो. दुसरी म्हणजे पेट्रोलचा पाणी-फ्लोट डिझेलमध्ये घालणं. पेट्रोलची घनता ०.७५ च्या आसपास, डिझेलची ०.८३ च्या, पेट्रोलमध्ये बुडणारा फ्लोट डिझेलमध्ये बुडेलच याची खात्री नाही, आणि तो वर तरंगला तर कन्सोल सांगणार टाकीत अर्ध्याहून जास्त पाणी. एका टाकीचं प्रॉडक्ट बदललं असेल, पेट्रोलची टाकी डिझेलला घेतली असेल, तर हे पहिल्यांदा तपासा.

आता उलटा प्रकार, आणि मला याची जास्त काळजी वाटते. कन्सोल शून्य पाणी दाखवतंय, पेस्टही गप्प, आणि गिऱ्हाईक बाइक ढकलत परत येतंय की तुमच्या पेट्रोलने गाडी बंद पडली.

हे इथेनॉलमुळे होतं. देशात १० टक्के मिश्रण जून २०२२ पर्यंत गाठलं गेलं आणि फेब्रुवारी २०२३ पासून ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, पंपांवर यायला लागलं. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी आत शिरलं तर ते खाली बसत नाही, पेट्रोलमध्येच मुरतं, आणि एटीजीला दिसायचा प्रश्नच येत नाही कारण तळाशी थरच नसतो. १० टक्के मिश्रणात १५ अंशाला साधारण अर्धा टक्का पाणी असं मुरू शकतं, म्हणजे १०,००० लिटरला ५० लिटर, ई२० मध्ये त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली, किंवा थंडीने टाकी गार झाली आणि मर्यादाच खाली आली, की एकदम फाटतं. पाणी इथेनॉलला सोबत घेऊन खाली बसतं आणि वर इथेनॉल कमी झालेलं पेट्रोल राहतं. खालचा थर आता निव्वळ पाण्याचा नसतो, इथेनॉल-पाणी-थोडं पेट्रोल असं मिश्रण असतं, पाण्यापेक्षा बरंच हलकं. आपला जुना पाणी-फ्लोट बनवलेला असतो १.० घनतेच्या पाण्यावर तरंगायला. या हलक्या थरात तो बुडूनच राहतो. चुंबक तळाला, रीडिंग शून्य, तार बिचारी जे खरं आहे तेच सांगतेय. आणि साधी वॉटर फाइंडिंग पेस्टही या थरात धड रंग बदलत नाही, तिच्यावर विसंबू नका, इथेनॉल मिश्रणासाठीची वेगळी पेस्ट मिळते ती ठेवा.

म्हणून पेट्रोलच्या टाकीत शंका आली की एकच खात्रीचा उपाय, बॉटम सॅम्पलरने तळाचा नमुना काढा आणि काचेच्या जारमध्ये दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. दोन थर दिसले, मधे रेघ दिसली, किंवा सगळंच दुधाळ दिसलं, की सेल बंद आणि लगेच कंपनीला कळवा. सकाळच्या डेन्सिटीच्या रजिस्टरवरही लक्ष ठेवा, वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल खाली गेलं की वरची डेन्सिटी उतरते, कारण इथेनॉल पेट्रोलपेक्षा जड असतं. आणि जमलं तर हे फाटणं, म्हणजे फेज सेपरेशन, ओळखणारे फ्लोट घ्या, ते हलक्या थरातही उठतात. इथेसुद्धा प्रोब आहे तोच चालू शकतो, फक्त आपल्या मॉडेलला तो फ्लोट चालतो का हे विचारून घ्या. पावसाळ्यापूर्वी एकच काम करायला पैसे असतील तर मी म्हणेन हे करा, आणि मॅनहोलच्या झाकणांचे गॅस्केट बदला.

तिसरी तक्रार असते ती पाण्याची नाही, तेलाची. एटीजी आणि डिप जुळत नाही, रोज वीस-तीस लिटरचा फरक, रात्री हिशेबाला बसलं की कटकट. इथे बहुतेक लोक करतात काय, तर फरक बघायचा, तेवढा ऑफसेट टाकायचा, आणि जुळलं म्हणून निघून जायचं. चार दिवसांनी परत फरक. मग परत ऑफसेट. एका पंपावर मी कन्सोलची हिस्टरी काढली तर वर्षात सात वेळा ऑफसेट बदललेला होता, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाने.

ऑफसेटला हात लावायच्या आधी तीन डिप घ्या, टाकी भरलेली असताना एक, अर्धी असताना एक, आणि तळाला आली असताना एक. प्रत्येक वेळी टँकर खाली होऊन अर्धा तास तरी झालेला असू दे आणि डिप दोनदा मारा. मग तिन्ही फरक मिलिमीटरमध्ये शेजारी शेजारी लिहा, लिटरमध्ये नाही, लिटर गोंधळात टाकतात, कारण आडव्या टाकीत एका मिलिमीटरचे लिटर सगळीकडे सारखे नसतात. २० हजार लिटरची, दोन मीटर व्यासाची टाकी धरा, मधोमध एक मिलिमीटर म्हणजे १२-१३ लिटर, तळापासून १० सेंटिमीटरवर तोच एक मिलिमीटर साडेपाच लिटर.

तिन्ही फरक सारखे आले, समजा तिन्ही वेळा ४ मिलिमीटर, तर तो खरा ऑफसेट आहे, टाका आणि विसरा.

फरक वाढत गेला, भरलेल्या टाकीत १, तळाला ५, तर तो ऑफसेटने कधीच जाणार नाही, ग्रेडियंट, म्हणजे कन्सोलमध्ये भरलेला तारेतल्या पिळाच्या वेगाचा आकडा, चुकलाय. प्रोब अंतर मोजतो ते वरून, डोक्यापासून, म्हणून वेगाची चूक जेवढी लांब जाल तेवढी वाढते, आणि टाकी रिकामी होत जाते तसा फ्लोट डोक्यापासून लांब जातो. प्रत्येक तारेचा वेग थोडा वेगळा असतो आणि कारखान्यात तो मोजून प्रोबच्या लेबलवर छापलेला असतो. तारेचा वेग २८२० असताना कन्सोलमध्ये २८१२ पडला असेल, तर १.८ मीटरवर ५ मिलिमीटर आणि ४० सेंटिमीटरवर एकच मिलिमीटर जास्त तेल दिसणार. हे कधी होतं? प्रोब बदलला आणि जुन्याचाच नंबर कन्सोलमध्ये राहिला तेव्हा. म्हणजे ज्याने विनाकारण प्रोब बदलला त्याने पाण्याचा अलार्म तर घालवला नाहीच, वर स्टॉकचा हिशेबही बिघडवला. सोलापूर रोडवर हेही सापडलं, काकांचं रोजचं शॉर्टेजचं दुखणं पहिला प्रोब बदलला त्याच महिन्यात सुरू झालं होतं, रजिस्टरमध्ये तारखेसकट होतं.

या वेगाबद्दल थोडं सांगतो, मला हा भाग फार आवडतो. तारेचा वेग तिच्या कडकपणावर ठरतो आणि साधा धातू तापला की मऊ पडतो, म्हणजे उन्हाळ्यात एक रीडिंग आणि हिवाळ्यात दुसरं आलं असतं. तापमान बदललं तरी कडकपणा फारसा बदलत नाही असे निकेल-लोखंडाचे मिश्रधातू गियोम या शास्त्रज्ञाने शोधले, एलिनवार हे त्यातलंच नाव, निकेल-पोलादावरच्या कामाबद्दल त्याला १९२० चं नोबेल मिळालं, घड्याळाच्या स्प्रिंगसाठी ते फार उपयोगी पडले. मोजमापाच्या तारांसाठी त्याच घराण्यातले मिश्रधातू घेतात. लोक विचारतात की आता टर्फेनॉल-डी सारखं जबरदस्त मटेरियल आहे, ते का नाही वापरत? टर्बियम, डिस्प्रोसियम आणि लोखंडाचं ते मिश्रण अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सोनारसाठी, म्हणजे पाण्याखाली आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्रासाठी, तयार झालं, निकेलची एक मीटर सळई पूर्ण चुंबकित केली तर ३०-३५ मायक्रॉन आखडते, आणि टर्फेनॉल-डी ची तेवढीच सळई दीड मिलिमीटर किंवा जास्त लांबते. पण ते काचेसारखं ठिसूळ आहे, त्याची बारीक तार ओढून ताणता येत नाही. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कोबाल्ट फेराइटवर चांगलं काम झालंय, त्यात महागडी दुर्मिळ मूलद्रव्यं लागत नाहीत, पण तेही सिरॅमिकच. सोनारला आणि अ‍ॅक्च्युएटरला, म्हणजे वस्तू ढकलणाऱ्या-हलवणाऱ्या यंत्राला, ताकद लागते. आपल्या तारेला ताकद नको, तिने दर वेळी तेवढाच पीळ घ्यावा आणि तेवढ्याच वेगाने वर पाठवावा, उन्हात, थंडीत, दहा वर्षं. गॅलियम-लोखंडाच्या तारांवर संशोधन चालू आहे, सिग्नल मोठा मिळावा म्हणून, ते आपल्या प्रोबमध्ये आलं तर केबलच्या नॉइजचा त्रास नक्की कमी होईल.

असो, तीन डिपवर परत. फरक कधी अधिक कधी उणा, मधे मोठा आणि टोकाला लहान असा आला, तर टाकीचा चार्ट (किती मिलिमीटरला किती लिटर ते सांगणारा) किंवा टाकीचा कल बघा. जमिनीत बसलेली टाकी कालांतराने एका बाजूला खचते. शंभराला एक एवढा जरी कल असला आणि प्रोब मधापासून दोन मीटर बाजूला असला, तर पातळीत २० मिलिमीटरचा फरक पडतो, अर्ध्या टाकीला तो अडीचशे लिटर होतो. डिपचं तोंड एका टोकाला आणि प्रोब दुसऱ्या टोकाला असेल तर मिलिमीटरमधला फरक मात्र जवळपास सारखाच दिसतो आणि ऑफसेट असल्यासारखा भास होतो, हे लक्षात ठेवा. अशा वेळी डिप आणि एटीजी दोन्ही बाजूला ठेवून नोझलच्या टोटलायझरवरून पडताळा करा, एवढे लिटर विकले तर पातळी किती उतरायला हवी होती आणि किती उतरली.

आणि एक शॉर्टेज असं असतं की ते शॉर्टेज नसतंच. दुपारी रणरणत्या उन्हात टँकर आला, तेल ३८ अंश, जमिनीखालची टाकी २८ अंश. पेट्रोल हजार लिटरमागे एका अंशाला साधारण एक लिटर आकसतं, १२ हजार लिटर दहा अंश गार झालं की १२० लिटर कमी दिसणार. डिझेलला थोडं कमी. कन्सोलवर नेट व्हॉल्यूमचा आकडा असतो, १५ अंशाला धरलेला, तो बघा, तो जागेवर असेल तर तेल कुठेही गेलेलं नाही, पोराबाळांवर संशय घेऊ नका. मी एका पंपावर रात्रपाळीच्या मुलाला याच कारणावरून काढून टाकलेलं बघितलंय आणि ते मला आजही टोचतं.

रीडिंग उड्या मारत असेल, आत्ता ११८० आणि क्षणात शून्य किंवा प्रोब आउट, तर केबल. नव्वद टक्के नाही म्हणत, पण मी आधी तिथेच जातो. मॅनहोलमधलं जंक्शन पावसाच्या पाण्यात बुडालेलं असतं, जोडावर नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते, आतलं तांबं हिरवं पडलेलं. जोड रेझिन किंवा जेलच्या किटमध्येच करायचा, टेपवर भागवायचं नाही. केबलची शील्ड फक्त कन्सोलच्या बाजूला अर्थ करा, दोन्ही टोकांना केली की दोन अर्थमधला फरक शील्डमधून वाहतो. उड्या ठरावीक वेळी पडतात का बघा, टाकीतली मोटर सुरू झाली की रीडिंग हललं तर प्रोबची केबल आणि मोटरची केबल एकाच पाइपातून गेलीये, त्या वेगळ्या करा. कन्सोलजवळचा सेफ्टी बॅरियर, जो केबलमधली वीज ठिणगीइतकी होऊ देत नाही, तो बायपास करून 'चालू करून दिलं' असं कोणी म्हणत असेल तर त्याला पंपावर पाऊल ठेवू देऊ नका, पेट्रोलच्या वाफेत ती केबल उतरलेली आहे.

टाकी अगदी तळाला गेली असताना एरर येत असेल तर घाबरू नका, दोन्ही फ्लोट काही सेंटिमीटरच्या आत एकमेकांजवळ आले की दोन पीळ एकामागोमाग वर येतात आणि सर्किटला ते वेगळे ओळखता येत नाहीत. तेल आलं की बरं होतं.

मग प्रोब खरंच कधी गेलेला असतो? फ्लोट साफ आहेत, मोकळे घसरतात, केबल बदलून बघितली, शेजारच्या टाकीचा चांगला प्रोब या केबलवर लावला तर तो चालतो, आणि हा प्रोब त्या केबलवर लावला तरी तिथेही रीडिंग देत नाही. किंवा फ्लोट काढून ठेवले तरी कन्सोलला कुठेतरी चुंबक 'दिसतंय', हे तारेच्या खालच्या टोकाचं डँपिंग, म्हणजे पीळ शोषून घेणारी सोय, गेल्याचं लक्षण, पीळ टोकाला आपटून परत येतोय. किंवा नळी वाकलीये. यातलं काही असेल तर बिनधास्त नवीन घ्या, मात्र फ्लोटही नवीन घ्या आणि लेबलवरचा ग्रेडियंट कन्सोलमध्ये टाकताना दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

मला किंवा कुठल्याही इंजिनिअरला फोन करायच्या आधी एवढं हाताशी ठेवलंत तर फोनवरच बरंच उलगडतं: आठ दिवसांचं पाण्याचं रीडिंग दशांशासकट, शेवटचा टँकर कधी खाली झाला, तीन डिपचे फरक मिलिमीटरमध्ये, आणि प्रोबच्या लेबलचा फोटो, तो प्रोब बसवतानाच काढून ठेवायचा, नंतर ते लेबल मॅनहोलमध्ये तेलाने पुसलं जातं. सोलापूर रोडच्या काकांनी तो नंबर कन्सोलच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवलाय, टाकी नंबर, ग्रेडियंट, फ्लोट साफ केल्याची तारीख. शेवटची तारीख या मेची आहे.